पाण्यात म्हैस, बाहेर मोल

आमच्या कोल्हापुरात माणूस दुधावरसुद्धा फुकटचा विश्वास ठेवत नाही. संध्याकाळनंतर गंगावेशीतल्या कट्ट्यावर जाऊन बघा. म्हैस समोर उभी, गवळी उकिडवा बसलेला, आणि गिऱ्हाइकाचा डोळा थेट सडावर. धार पेल्यातच पडते, फेस वर येतो, आणि तो कोमट फेस मिशीला लावून घेत माणूस शेजारच्याला म्हणतो, "आता कसं!" पाणी घातलं असेल का, ही शंकाच उरत नाही. घरी फ्रीजमध्ये 'गोकुळ'ची पिशवी असते, ती चहाला. प्यायचं दूध मात्र समोर काढलेलंच.

त्या कट्ट्यावर मी चाळीस वर्षं दूध पीत आलोय. आणि तरीही दोन वर्षांपूर्वीच्या जुलैमध्ये, कधीही न बघितलेल्या माणसाला, कधीही न बघितलेल्या गाडीपोटी, मी १७,६०० रुपये पाठवले. तीन हप्त्यांत. माझ्याच अंगठ्यानं.

मी शाळेत मराठी शिकवतो. म्हणींच्या प्रश्नात 'पाण्यात म्हैस, बाहेर मोल' ही म्हण मी हमखास घालतो आणि 'वस्तू न पाहताच तिची किंमत ठरवणे' असा अर्थ लिहिणाऱ्याला पूर्ण गुण देतो. त्यामुळं हे सगळं लिहायला घेताना कितीदा तरी लॅपटॉप मिटला. बायकोनं एकदा विचारलं, "अहो, काय लिहिताय एवढं?" म्हटलं, उत्तरपत्रिका तपासतोय. खोटं नव्हतं ते.

लेकीला विद्यापीठात प्रवेश मिळाला होता. आम्ही रंकाळ्याच्या पलीकडं राहतो, विद्यापीठ गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. के.एम.टी.नं जायचं तर बस बदला, वाट बघा, पावसात भिजा. नवी ॲक्टिव्हा घ्यायची तर लाखाच्या घरात जाणार. उद्यमनगरातल्या आमच्या गॅरेजवाल्याला सांगून ठेवलं होतं. तो म्हणाला, "सर, जरा दमानं घ्या. पन्नासच्या आत-बाहेर एक नंबर गाडी बघून देतो." पण जून संपत आला होता आणि माझा दम संपला होता. रात्री जेवण झाल्यावर जुन्या वस्तूंच्या एका ॲपवर चाळत बसायची सवय लागली. तिथं ती दिसली. करडा रंग, २०२१ चं मॉडेल, एकहाती वापर, नऊ हजार किलोमीटर. किंमत २६,०००. एवढी स्वस्त का, याचं उत्तर जाहिरातीतच लिहिलेलं: बदली झाल्यामुळे तातडीने विकणे आहे.

दिलेल्या नंबरवर मेसेज टाकला. पाचच मिनिटांत फोन. पलीकडून पहिला शब्द आला, "जय हिंद, सर."

हा शब्द आमच्या भागात कुठं जाऊन लागतो, हे बाहेरच्या माणसाला समजवायला हवं. शिरोळ तालुक्यात सैनिक टाकळी नावाचं गावच आहे. गावाच्या नावात सैनिक आहे, आणि तो तिथल्या घराघरांतून आलेला आहे. चंदगड, आजरा, गडहिंग्लजकडं एसटीनं जा, शेजारच्या सीटवर सुट्टीवर आलेला जवान भेटतोच. इथं टेंबलाईवाडीला प्रादेशिक सेनेची बटालियन. माझे थोरले मामा मराठा लाइट इन्फंट्रीत होते. बेळगावच्या सेंटरातून ते सुट्टीला आले की काळी ट्रंक ओसरीवर ठेवली जायची आणि आजी आधी ट्रंकेला हात लावून नमस्कार करायची, मग मामांच्या डोक्यावरून हात फिरवायची. आमच्या घरात वर्दीला देव्हाऱ्याच्या खालची पायरी होती. त्यामुळं "जय हिंद, सर" म्हणणारा माणूस माझ्याशी बोलायला लागला तेव्हा मी न कळत पलंगावरून उठून उभा राहिलो होतो. हे हसण्यासारखं आहे, पण खरं आहे.

तो हिंदीत बोलत होता, सावकाश आणि अदबीनं. पुण्याच्या विमानतळावर सीआयएसएफमध्ये ड्युटी, आता बदली जम्मूला, गाडी नेता येत नाही. विकलेली गाडी 'आर्मी ट्रान्सपोर्ट'च्या ट्रकमधून थेट तुमच्या दारात येईल, म्हणाला. मी न मागताच त्यानं फोटो पाठवले: ओळखपत्र, कॅन्टीनचं कार्ड, गाडीचं आर.सी. बुक, वर्दीतला स्वतःचा फोटो. मी काही अगदीच बावळट नव्हतो. गाडीचा एम.एच. १२ चा नंबर एमपरिवहन ॲपवर टाकून बघितला. मॉडेल जुळलं, रंग जुळला, विमा चालू होता. मालकाच्या नावातली दिसणारी अक्षरंसुद्धा जुळली. मी बायकोला मोठ्या ऐटीत म्हणालो, "बघ, सगळं चेक केलंय."

चेक केलं होतं ते कागद. ते खरेच होते, फक्त त्याचे नव्हते. कुणीतरी कधीतरी आपली गाडी विकताना आर.सी.चा फोटो कुण्या 'गिऱ्हाइका'ला पाठवला असणार, कुण्या जवानानं कुठल्याशा पडताळणीसाठी ओळखपत्र पाठवलं असणार. या लोकांच्या हाती एकदा असा खरा कागद लागला की तो वर्षानुवर्षं राबतो. आणि एक गोष्ट माझ्या मामांनी बसल्या जागी पकडली असती. सीआयएसएफ गृह मंत्रालयाखाली, लष्कर संरक्षण मंत्रालयाखाली. मग या पठ्ठ्याची स्कूटर 'आर्मी ट्रान्सपोर्ट'च्या ट्रकमधून कशी काय येणार होती? आणि जवानानं विकलेली गाडी गिऱ्हाइकाच्या दारात पोचवायला लष्कराला दुसरं काम नाही होय? पण मामा गेल्याला सहा वर्षं झाली होती, आणि हा प्रश्न त्या रात्री मला पडलाच नाही.

"सर, पैसे गाडी हातात मिळाल्यावरच द्यायचे," तो म्हणाला. हे वाक्य मी आजही विसरत नाही. एवढा सरळ माणूस! "आत्ता फक्त गेटपासचे २,१५० भरा. ते एकूण रकमेतून वजा होतील."

म्हणजे इसार.

आमच्याकडं इसार हा नुसता पैसा नसतो. जमिनीचा व्यवहार असेल तर संचकारपत्र, म्हणजे लेखी करार, होतं. जनावराचा, भांड्याचा, मंगल कार्यालयाचा असेल तर हातावर शंभर-पाचशे टेकवायचे, आणि तेवढ्यावर दोन्ही बाजू बांधल्या जातात. इसार घेतलेला माणूस दुसऱ्याला माल विकत नाही. विकला तर गाव त्याला नावं ठेवतं. मी लहानपणी आजोबांबरोबर वडगावच्या जनावरांच्या बाजाराला जायचो. आजोबा म्हशीभोवती तीन फेऱ्या मारत. दात बघत, कास चाचपत, चालवून बघत, आणि बसून स्वतः धार काढत. मग हेडे, म्हणजे जनावरांचे दलाल, मध्ये पडत. सौदा तोंडानं व्हायचा नाही. हेड्या आजोबांचा हात टॉवेलाखाली धरायचा आणि बोटं दाबून आकडे सांगायचा, मग तोच टॉवेल मालकाच्या हातावर. बाजारभर गलका आणि या तिघांमध्ये मुकी बोटं. जुळलं की आजोबा बंडीच्या खिशातून इसार काढायचे. सगळं बघून झाल्यावर, धार काढून झाल्यावर, अगदी शेवटी.

गेटपासचे २,१५० मी सगळ्यात आधी काढले.

पिन टाकायच्या आधी पडद्यावर नाव आलं ते एका बाईचं. विचारलं तर म्हणाला, आमच्या युनिटच्या क्लार्कचं खातं आहे, सर. ठीक. मग त्यानं माझं आधार कार्ड मागितलं, दोन्ही बाजू. शिवाय माझा एक फोटो, घराच्या दारात उभा राहून काढलेला. गेटपासवर खरेदीदाराचा फोटो लागतो म्हणे. लेकीनं काढून दिला. चौकटीवर गणपतीची टाईल, बाजूला माझ्या नावाची पाटी. तो फोटोही मी पाठवून दिला.

संध्याकाळी एक फोटो आला. हिरवा ट्रक, त्यात प्लास्टिकनं गुंडाळलेली करडी स्कूटर, दोरांनी आवळलेली. सोबत शिक्का मारलेली पावती. वाहतूक आणि कागदपत्रं, ६,१५० रुपये. दिले. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला 'ड्रायव्हर'चा फोन, "सर, किणी टोल नाक्यावर आहे, अर्ध्या तासात तुमच्या दारात." किणी म्हणजे आमच्या अंगणातच आलं की. लेक हळद-कुंकू आणि नारळ काढायला धावली. तेवढ्यात जवानाचा फोन: विम्याचे ९,३०० भरल्याशिवाय सिस्टीम गाडी 'रिलीज' करत नाही, पण दारात गाडी उतरली की पैसे त्याच मिनिटाला परत. मी ताटातल्या नारळाकडं बघत पिन टाकला. यावेळी पडद्यावरचं नाव तिसऱ्याच माणसाचं होतं.

दहा मिनिटांनी परत फोन. सर, तुम्ही दोन मिनिटं उशिरा भरलेत, एंट्री झाली नाही. पुन्हा ९,३०० भरा, दोन्ही एकदम परत येतील.

इथं मात्र पोटात काहीतरी हललं. शहाणपण आलं म्हणायचं तर तसं नव्हतं, खात्यातच तेवढे उरले नव्हते. बायकोकडं मागायचे तर सगळं सांगावं लागणार. म्हणून मी गॅरेजवाल्याकडं गेलो, उसने मागायला. तो एका बुलेटखाली आडवा पडला होता. तिथूनच सगळं ऐकलं. बाहेर आला, हात पुसले आणि म्हणाला, "सर, त्याला व्हिडिओ कॉल लावा. म्हणावं गाडीला किक मार, इंजिनाचा आवाज ऐकीव."

एवढंच. मी लावला. कट झाला. परत लावला. कट. तिसऱ्यांदा मेसेज टाकला, किक मारून दाखवा. दोन निळ्या खुणा उमटल्या आणि त्याचा फोटो गेला, नंबर गेला, सगळं गेलं. गॅरेजवाला काही बोलला नाही. पोराला म्हणाला, "सरांना च्या सांग." मी जन्मात पिलेला सगळ्यात वाईट चहा तो. चांगलाच होता बिचारा.

त्यानंतर मी जे केलं ते लपवण्यासारखं आहे, म्हणूनच सांगतो. मी पाच तास काहीच केलं नाही. शाळेत गेलो, नववीला तास घेतला. १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर मला माहीत होता. शाळेच्या फलकावर तो माझ्याच अक्षरात लिहिलेला होता. पण फोन लावायचा म्हणजे कुणालातरी सांगायचं, की मी फसलो. दुपारी तीनला लावला. पलीकडच्या माणसानं शांतपणे विचारलं: कुठली बँक, किती रक्कम, किती वाजता, आणि प्रत्येक व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक. नंतर सायबर पोलीस ठाण्यात गेलो तेव्हा तिथला हवालदार, माझ्या विद्यार्थ्याच्या वयाचा, म्हणाला, "सर, लोक आधी रडतात, मग भांडतात, मग देवाला जातात, आणि शेवटी आमच्याकडं येतात. आधी आमच्याकडं यायचं, रडायचं मागनं."

त्यानं यंत्रणा समजावून सांगितली. आपला पैसा जातो तो चोराच्या खात्यात राहत नाही. ती खाती भाड्याची असतात, चार पैशांसाठी कुणीतरी आपलं पासबुक आणि कार्ड दुसऱ्याच्या हवाली केलेलं असतं. त्या खात्यातून पैसा दुसऱ्यात, तिसऱ्यात, आणि मग कुठल्यातरी एटीएममधून बाहेर. हा प्रवास काही मिनिटांचा असतो. १९३० वर तक्रार पडली की ती पैशाच्या मागं बँकेतून बँकेत धावते आणि जिथं गाठेल तिथं तेवढी रक्कम गोठवते. माझे आदल्या दिवशीचे ८,३०० कधीच बाहेर पडले होते. सकाळच्या ९,३०० पैकी ४,१०० एका खात्यात अडकलेले सापडले. पाच तास आधी फोन केला असता तर, असं मी विचारलं नाही. त्यानंही सांगितलं नाही. ते ४,१०० पुढं न्यायालयाच्या आदेशानं परत आले. त्यासाठी मी किती चकरा मारल्या ते सोडा.

बँकेत गेलो तर तिथला अधिकारी म्हणाला, पिन तुम्हीच टाकलात ना? रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं परिपत्रक होतं, ग्राहकाच्या परवानगीशिवाय खात्यातून पैसे गेले तर त्याची जबाबदारी किती हे ठरवणारं. मी ते नंतर नीट वाचलं. त्याचा सगळा भर 'परवानगीशिवाय' या शब्दावर होता. माझ्या खात्यातून एक रुपयाही माझ्या परवानगीशिवाय गेला नव्हता.

एक व्याकरणाची गंमत जाता जाता. अशा माणसाला आपण 'चारसोवीस' म्हणतो, ते भारतीय दंड संहितेच्या ४२० कलमावरून. १ जुलै २०२४ पासून ती संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली आणि फसवणूक ३१८ व्या कलमात गेली. तक्रारीच्या कागदावर ३१८ वाचलं तेव्हा वाटलं, आता 'एक नंबरचा तीनशे अठरा आहे तो' असं कुणी म्हणेल का? नाही म्हणणार. जिभेला चारसोवीसच बरं वाटतं.

न बघता वस्तू घेण्याची हौस आमच्या घराण्यात आधीपासून आहे म्हणा. वडिलांनी मासिकातली जाहिरात वाचून एकदा व्ही.पी.नं ट्रान्झिस्टर मागवला होता. पोस्टमन पार्सल घेऊन आला, वडिलांनी पैसे मोजून दिले, आणि मग सुतळी कापली. आत कागदात गुंडाळलेली वीट. नवी कोरी, भट्टीचा छाप असलेली. पैसे दिल्याशिवाय पार्सल उघडता येत नसे, ती त्या सोयीतली फट होती. वडील दोन दिवस बोलले नाहीत. नंतर ती वीट परसात तुळशीवृंदावनाच्या पायाला लागली. पण व्ही.पी.त निदान एक माणूस मध्ये उभा होता. पोस्टमन आमच्या ओळखीचा होता, पार्सलाला वजन होतं, पाठवणाऱ्याचा पत्ता होता. वडिलांना वीट तरी मिळाली. मला स्कूटरचा फोटो मिळाला.

मी हे सगळं लपवायचं थांबवल्यावर कळलं की आमच्या आसपास निम्मं गाव फसता फसता वाचलेलं किंवा पुरतं फसलेलं आहे. चप्पल लाईनमध्ये माझ्या मित्राचं दुकान आहे. त्याला फोन आला होता, "जय हिंद"च, कॅन्टीनसाठी ऐंशी जोड हवेत, पैसे आत्ता पाठवतो, हा क्यू.आर. कोड स्कॅन करा म्हणजे रक्कम जमा होईल. मित्रानं स्कॅन केला, पिनचे दोन आकडे टाकले, आणि त्याच्या भाच्यानं फोन हिसकावून घेतला. "मामा, घ्यायला पिन लागतो व्हय कधी?" हे वाक्य दुकानाच्या भिंतीवर लिहून ठेवण्यासारखं आहे. यूपीआय २०१६ साली आलं तेव्हापासून पिन लागतो तो द्यायला. पैसे घेणाऱ्यानं काहीही करायचं नसतं, गप्प बसायचं असतं. पूर्वी याच लोकांची आणखी एक युक्ती होती, 'पैसे पाठवतोय' म्हणत उलट पैसे मागणारी विनंती पाठवायची. माणसानं माणसाला अशी विनंती पाठवायची सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंदच केली. क्यू.आर. मात्र चालूच आहे, आणि पैसे चुकून जास्त आले असं भासवणारे खोटे मेसेजही. माझा मित्र आता मेसेज वाचतच नाही. गल्ल्यावरचा डबा बोलला की चप्पल बांधतो.

पडद्यावर येणाऱ्या नावाचंही तसंच. आपण ठेवलेलं टोपणनाव न दाखवता बँकेत नोंदलेलं नावच ॲपनं दाखवायचं, असा नियम २०२५ च्या जूनअखेरपासून लागू झाला. चांगला नियम आहे. पण माझ्या वेळीही नाव दिसत होतंच की. तिन्ही वेळा मी ते वाचलं, तिन्ही वेळा ते चुकीचं होतं, आणि तिन्ही वेळा मी स्वतःलाच कारण पुरवलं. त्यानं मला फसवलं त्याहून जास्त मेहनत मी घेतली.

गाडी शेवटी आलीच. नागाळा पार्कातल्या एका निवृत्त बाईंची, गॅरेजवाल्यानंच बघितलेली. त्यानं ती उतारावर सोडून बघितली, ब्रेक दाबले, सायलेन्सरला हात लावला, टायरचे खाचे नखानं मोजले. मूळ आर.सी. हातात घेतलं, कर्जाचा बोजा नाही हे बघितलं. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर बाईंनी आमच्यासमोर सही केली. पोहे दिले. मी ५०१ रुपये इसार त्यांच्या हातावर ठेवला तर म्हणाल्या, "अहो, गाडीच न्या की आता, इसार कसला!" मी म्हटलं, राहू दे, मला बरं वाटतं. बाकीची रक्कम त्यांच्या अंगणात बसून पाठवली, आणि त्यांच्या फोनवर मेसेज आल्याचं दोघांनी बघूनच उठलो. सगळे मिळून ४७,००० गेले. वर त्या आधीच्या प्रकरणाचे १३,५०० धरले तर लेक म्हणते त्याप्रमाणं, "बाबा, नवीच झाली असती की थोड्यात."

गोष्ट इथं संपली असती तर मी ती लिहिली नसती.

वर्गात कधीतरी मी हुंडीवर बोलतो. जुन्या पेठांमधून दूरगावी पैसा हुंडीनं जायचा. दर्शनी हुंडी दाखवताच वटायची, मुदती हुंडी ठरल्या दिवशी. आणखी एक असायची ती शहाजोग. ती घेऊन कुणीही आला म्हणून पेढीवाला पैसे मोजत नसे. आणणारा 'शहा' असावा लागे, म्हणजे बाजारात पत असलेला, ज्याला उद्या गाठता येईल असा माणूस. आज आपण शहाजोग कुणाला म्हणतो? साळसूदपणाचा आव आणणाऱ्याला. वर्गात मी हे शब्दांच्या अर्थांतराचं उदाहरण म्हणून सांगतो आणि पुढच्या शब्दाकडं वळतो.

या फेब्रुवारीतल्या एका रविवारी फेसबुकवर अनोळखी मुलाचा निरोप आला. "नमस्कार सर, गाडी कधी मिळणार?" मला वाटलं चुकून आला असेल. खाली त्यानं फोटो जोडला होता. माझं आधार कार्ड, दोन्ही बाजू. आणि मी, माझ्या दारात, चौकटीवर गणपतीची टाईल, बाजूला नावाची पाटी. सोबतच्या जाहिरातीत लिहिलेलं: निवृत्त शिक्षक, मुलाकडं परदेशी चाललेत, बुलेट तातडीनं विकणे आहे. मी अजून निवृत्त झालेलो नाही आणि मला मुलगा नाही, पण चेहरा माझा होता. थोडासा हसरा, कारण लेक फोटो काढत होती. आधार देताना पहिले आठ आकडे झाकलेलं 'मास्क्ड' आधार द्यायची सोय असते, हे मला नंतर कळलं होतं. पण चेहरा झाकायची सोय तरी कुठं आहे?

पोरगा लातूर जिल्ह्यातल्या एका खेड्यातला. मी नंबर मागून घेतला आणि लगेच फोन लावला.

"किती पाठवलेस?"

"दोन हजार एकशे पन्नास, सर. गेटपासचे."

आकडासुद्धा बदलला नव्हता भाड्यांनी.

"कधी?"

"सकाळी. आता अजून सहा हजार मागायलेत."

"एक रुपया पाठवू नकोस. माझा फोन ठेव आणि आधी १९३० लाव. व्यवहाराचा बारा आकडी नंबर हाताशी ठेव. आत्ताच्या आत्ता."

पलीकडं बराच वेळ कुणी बोललं नाही. मागं कुठंतरी कोंबडं ओरडत होतं.

"पण सर, फोटोतले तुम्हीच आहात ना?"

"हो. मीच आहे."

"तेच की," तो म्हणाला. "मास्तर माणूस बघूनच पाठवलो, सर."